अकाली कर्ते

१९४५च्या जूनमध्ये कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात. घर जळतं, आई भाजून मरते आणि चौदा वर्षांचा सेइता आपल्या चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला घेऊन निशिनोमियातल्या एका लांबच्या नातेवाईक बाईंच्या आश्रयाला जातो. वडील आरमारात अधिकारी आहेत, पण त्यांची काही खबर नाही. आकियुकी नोसाका यांच्या ‘होतारु नो हाका’ या कथेत इथून पुढेही विमानं येत-जात राहतात, पण कथा चालते ती तांदळाच्या हिशेबावर. आईचे ठेवणीतले किमोनो विकून घरात तांदूळ येतो. त्यातला घट्ट भात कामावर जाणाऱ्यांना मिळतो आणि या दोघांच्या वाटीत पेज पडते. बाईंची मुलगी कारखान्यात राबते, सेइता मात्र दिवसभर बहिणीला खेळवत बसतो. असा मुलगा त्या घराच्या काय उपयोगाचा? शेवटी बाई सुचवतात, तुमची चूल वेगळी मांडा. सेइता शेगडी विकत आणतो. थोड्याच दिवसांत तेही घर सोडून तो बहिणीसह तळ्याकाठी खोदलेल्या एका आसऱ्यात राहायला जातो. बँकेत आईचे सात हजार येन आहेत. पैसे असूनही तांदूळ मिळत नाही, हे त्याच्या पुरतं लक्षात येईपर्यंत सेत्सुको अंथरुणाला खिळलेली असते.

या कथेवर इसाओ ताकाहाता यांनी १९८८ साली केलेला चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या बाईंचा राग आलेला असतो. मलाही आला होता. पण कथा सावकाश वाचली की तो राग टिकत नाही. बाई दुष्ट नाहीत, त्या मोजून-मापून संसार करणाऱ्या आहेत. मोजमाप इतकं काटेकोर झालं ते युद्धामुळे, आणि त्या मापात परक्याची दोन लेकरं बसत नाहीत. सेइताची बाजूही तितकीच खरी आहे. तो अधिकाऱ्याचा मुलगा आहे, मानी आहे, टोमणे खाऊन गप्प राहणं त्याला जमत नाही. शांततेच्या काळात चौदा वर्षांचा मुलगा असा रुसून घराबाहेर पडला असता, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी कान धरून त्याला परत आणलं असतं. इथे तसं करणारं माणूस उरलेलं नाही. त्याने घेतलेला निर्णय हा एका कर्त्या माणसाचा निर्णय ठरतो आणि त्याची किंमत बहीण मोजते.

नोसाका हे सगळं कुठून लिहीत होते, तेही सांगितलं पाहिजे. त्यांचा जन्म १९३०चा. कोबेवरच्या त्याच हल्ल्यात त्यांचं दत्तक घर उद्ध्वस्त झालं. दीड वर्षाचीही नसलेली धाकटी बहीण त्यांच्या हाती उरली आणि जपानने शरणागती पत्करल्यावर थोड्याच दिवसांत ती उपासमारीने गेली. आपण सेइतासारखे मायाळू भाऊ नव्हतो, तिच्या तोंडचा घास आपण खाल्ला, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. १९६७ साली सदतिशीच्या आसपास त्यांनी कथा लिहिली, तेव्हा बहिणीला त्यांनी बोलण्याइतकं मोठं केलं. भावाला तिच्यासाठी चोऱ्या करणारा, मार खाणारा केलं. आणि त्या भावाला मारून टाकलं. कथेची सुरुवातच सान्नोमिया स्थानकावरच्या त्याच्या मृत्यूने होते, युद्ध संपून महिना उलटल्यानंतर. युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या संरक्षणाचं सरकारी धोरण त्याच्या आदल्याच दिवशी ठरलेलं असतं. ही तारीख नोसाका अगदी कोरडेपणाने नोंदवतात आणि पुढे जातात.

या पुस्तकात ज्या कथा-कादंबऱ्यांचा विचार केला आहे, त्यांना जोडणारा धागा मला इथे दिसतो. युद्ध घरात शिरतं तेव्हा सगळ्यात आधी वयं उलटीपालटी करतं. लेकरांच्या हाती शिधा, किल्ल्या, धाकटी भावंडं आणि मरणाच्या बातम्या येतात. मोठ्यांच्या हातून मुलांना थोपवण्याचा, रागावण्याचा आणि मग माफ करण्याचा अधिकार निसटतो. चुकत-माकत मोठं होण्यासाठी माणसाला जी पाच-सात वर्षं मिळतात, ती या मुलांना मिळत नाहीत. किती मुलं मेली, किती अनाथ झाली, हे इतिहासकार सांगू शकतो. पण जगून-वाचून घरी आलेल्या मुलाला घर पुन्हा मूल म्हणून का स्वीकारू शकत नाही, हे कादंबरीतच कळतं.

टॉल्स्टॉयने हे फार आधी पाहिलं होतं. ‘युद्ध आणि शांती’मधला पेत्या रोस्तोव हे घरातलं शेंडेफळ. पंधरा-सोळा वर्षांचा पेत्या हट्ट करून सैन्यात जातो. आईवडील ओळखी लावून त्याची बदली त्यातल्या त्यात सुरक्षित पलटणीत करून घेतात. कुठल्याही काळातले, कुठल्याही गावचे आईबाप हेच करतील. तरीही तो दूत म्हणून देनिसोवच्या टोळीपर्यंत पोहोचतो आणि लढाईत भाग घ्यायचा नाही अशी सक्त ताकीद असूनही तिथेच राहतो. त्या रात्रीचं वर्णन मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा अस्वस्थ होतो, कारण टॉल्स्टॉय पेत्याला क्षणभरही शिपाई होऊ देत नाही. तो बरोबर आणलेले बेदाणे सगळ्यांना वाटतो. पकडून आणलेल्या फ्रेंच पोराला जेवायला द्यावं असं त्याला मनापासून वाटतं, पण हे विचारलं तर मोठी माणसं आपल्याला लहान समजतील म्हणून लाजतो. पहाटे धाडीत गोळी लागून तो मरतो, आणि देनिसोवला आठवतात ते त्याचे बेदाणे. या देनिसोवने रोस्तोवांच्या घरी पाहुणचार घेतलेला आहे, त्या घरच्या मुलीला मागणीही घातलेली आहे. मेलेलं पोर कुणाचं आहे, हे त्याला माहीत आहे.

इथवर लिहून थांबणारे लेखक पुष्कळ असतात. टॉल्स्टॉय मात्र पेत्याच्या मरणानंतर घरी जातो. पन्नाशीची तरतरीत काउंटेस महिन्याभरात थकलेली म्हातारी होते. प्रियकर प्रिन्स आंद्रेइच्या मृत्यूने स्वतः मिटून गेलेली पेत्याची बहीण नताशा तीन आठवडे आईच्या खोलीत खुर्चीवर झोपते आणि आईला सावरता सावरता स्वतः माणसांत येते. पुढे वडील जातात, कर्ज उघडं पडतं. धाकट्याच्या मरणाने खचलेल्या आईला गरिबी कळू नये म्हणून थोरला निकोलाय नोकरी करून घर चालवतो, आणि आई मात्र जुन्या सवयीने महागाचे पदार्थ आणि गाडी मागत राहते. मुलगा आईला लहान मुलासारखं जपतो. नेपोलियन माघारी फिरून गेल्यावरही युद्ध रोस्तोवांच्या स्वयंपाकघरात बसलेलं आहे.

एरिश मारिया रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ची चर्चा बहुधा खंदकांवरून होते. १९२९ साली ती पुस्तकरूपात आली आणि १९३३ साली नाझींनी जाळली, हेही आवर्जून सांगितलं जातं. मला त्यातला सर्वात कठीण भाग वाटतो तो पॉल बॉयमरच्या रजेचा. जिना चढताना त्याला बहिणीची हाक आणि आई करत असलेल्या बटाट्याच्या धिरड्यांचा वास येतो, आणि तो तिथेच खिळतो. त्याचे जुने कपडे आता तोकडे होतात. खोलीतली आवडती पुस्तकं हातात घेतो, पण मन त्यांत शिरत नाही. आईला कर्करोग आहे. तिकडे फार वाईट असतं का, असं ती विचारते आणि तो खोटं बोलतो. मेलेल्या मित्राच्या आईला भेटायला जातो आणि तिथेही खोटं बोलतो की तो क्षणात गेला, त्याला यातना झाल्या नाहीत. वीस वर्षांचा मुलगा दोन आयांना सत्यापासून वाचवतो आहे. आईने बांधून दिलेल्या धिरड्यांतली काही तो पुढे छावणीतल्या रशियन कैद्यांना देतो. तिने ती दुखणं सहन करत केली असतील, हे त्याच्या मनात येतं. रेमार्क फुगवून काही सांगत नाही, तरी एका घरातल्या मायेचं युद्धात काय होतं हे इथे पुरतं समजतं.

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांकडे मोठ्यांनी दुर्लक्ष करू नये. रॉबर्ट वेस्टॉलच्या ‘द मशीन गनर्स’मध्ये (१९७५) इंग्लंडच्या उत्तरेकडची मुलं पडलेल्या जर्मन विमानातली मशीनगन लपवून ठेवतात आणि स्वतःचा किल्ला बांधतात. मोठी माणसं आपल्याला वाचवू शकत नाहीत, हे कळलेल्या मुलांचं ते स्वतंत्र राज्य आहे, आणि त्या राज्यात सुटलेल्या गोळ्याही खऱ्या आहेत. जूडिथ कर यांचं ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ (१९७१) वरवर हलकंफुलकं वाटतं. बर्लिन सोडताना नऊ वर्षांची अ‍ॅना नवा लोकरी कुत्रा बरोबर घेते आणि जुना गुलाबी ससा मागे ठेवते, लवकरच परत येऊ या भरवशावर. मग स्वित्झर्लंड, पॅरिस, लंडन. नामवंत लेखक असलेल्या वडिलांच्या लेखणीला काम उरत नाही. कधी स्वयंपाकघरात न गेलेल्या आईला चूल सांभाळावी लागते. मुलांच्या जिभेवर नवी भाषा आईवडिलांच्या आधी बसते. कर यांचं स्वतःचं बालपण असंच गेलं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ पाहून त्यांचा छोटा मुलगा म्हणाला की आई लहान असताना कसं होतं ते आता कळलं, आणि तसं नव्हतं हे त्याला कळावं म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिलं.

आता अगोता क्रिस्तोफ. तिच्याबद्दल लिहिताना मला जपून शब्द निवडावे लागतात. १९५६ साली हंगेरीतून तान्ह्या मुलीला घेऊन ती सीमा ओलांडून गेली, स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या कारखान्यात काम केलं, विशी उलटल्यावर फ्रेंच शिकली आणि त्या परक्या भाषेत १९८६ साली ‘ल ग्रां काये’ ही कादंबरी लिहिली. देशाला नाव नाही, गावाला नाव नाही, जुळ्या भावांनाही नाव नाही. आई त्यांना आजीच्या घरी सोडून जाते, आणि आजी इतकी कठोर आहे की गाव तिला चेटकीण म्हणतं. मुलं ठरवतात की आपण दगड व्हायचं. एकमेकांना मारतात, दुखेनासं होईपर्यंत. एकमेकांना शिव्या देतात, शब्द लागेनासे होईपर्यंत. आणि मग, हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं, आई लाडाने ज्या शब्दांनी हाक मारायची तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात, त्यांतला जिव्हाळा झिजून जाईपर्यंत.

या मुलांची एक वही आहे. तिच्यात फक्त घडलेलं लिहायचं, वाटलेलं नाही, असा त्यांचा नियम. सगळी कादंबरी त्या नियमाने लिहिली आहे, आणि म्हणून तिच्यात एक अश्रू नाही. आई एक दिवस तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्यांना न्यायला येते. ते जायला नकार देतात. अंगणातच तोफगोळा पडतो, आई आणि ते बाळ मरतात, आणि मुलं त्यांना तिथेच बागेत पुरतात. शेवटी वडील येतात आणि त्यांना सीमा पार करायची असते. सीमेवर सुरुंग पेरलेले आहेत. एक माणूस पुढे गेला, तर मागचा सुखरूप जाऊ शकतो. मुलं वडिलांना पुढे जाऊ देतात. सेइता कुटुंब टिकवण्यासाठी धडपडून हरला. या दोघांनी स्वतः टिकण्यासाठी कुटुंबाची माया आपल्यातून उपटून काढली. क्रिस्तोफ त्यांना दोष देत नाही आणि त्यांची कीवही करत नाही. भोवतालच्या बहुतेक मोठ्यांपेक्षा ही मुलं जास्त न्यायी आहेत, आणि तेच वाचकाला हादरवतं.

अशी पुस्तकं वाचल्यावर जॉन बॉइनचं ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजामाज’ (२००६) मला मानवत नाही. छळछावणीच्या प्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रुनो कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो आणि शेवटपर्यंत त्याला काहीच कळत नाही. लाखो वाचकांना या पुस्तकाने रडवलं आहे, त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण त्या काळच्या जर्मनीत असा मुलगा शाळेतून, पोशाखातून, घरातल्या बोलण्यातून रोज द्वेष शिकत होता. ब्रुनोला त्यातलं काहीही शिवत नाही. युद्ध त्याला मारतं, पण बदलत नाही. मुलाचं निष्पापपण जपण्यासाठी लेखक त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आणि कुंपणापलीकडच्या मुलाचं दुःख ब्रुनोच्या घरच्यांच्या दुःखामागे झाकलं जातं. यहुदी संहाराचा इतिहास शिकणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं, असं आउश्वित्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० साली जाहीरपणे म्हटलं. मला ते योग्य वाटतं.

याच्या अगदी उलट धैर्य चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘हाफ ऑफ अ यलो सन’मध्ये (२००६) आहे. नायजेरियातलं बियाफ्रा युद्ध १९६७ ते १९७० या काळात झालं, अदिचींचा जन्म १९७७चा. त्यांचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले होते. खेड्यातून प्राध्यापकाच्या घरी घरकामाला आलेला उग्वू हा कादंबरीतला सर्वात लाघवी माणूस. इस्त्री करताना जळलेला मोजा असो की पहिल्यांदा उघडलेला फ्रिज, आपण त्याच्या नजरेने सगळं पाहतो आणि त्याच्यावर माया करू लागतो. युद्धाच्या उत्तरार्धात त्याला पकडून सक्तीने सैन्यात नेतात, आणि दारूच्या एका अड्ड्यावर सोबत्यांच्या टोमण्यांपुढे वाकून तो एका मुलीवरच्या सामूहिक बलात्कारात सामील होतो. अदिची त्याला सोडवत नाहीत. गावी परतल्यावर त्याला कळतं की त्याच्या बहिणीवर शत्रूच्या शिपायांनी तेच केलं. उग्वू दोन्हीकडे उभा आहे, आणि हे ओझं घेऊन तो लिहायला बसतो. सक्तीने शिपाई केलेल्या मुलांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण आपण ज्याला जीव लावला त्यानेच हे केलं, हे वाचकाला सोसायला लावणं फार थोड्यांना जमलं. याच कादंबरीत काइनेने ही आणखी एक स्त्री तांदूळ-मीठ मिळवायला सीमेपलीकडच्या बाजारात जाते आणि परत येत नाही. ती मेली असंही कळत नाही. घरच्यांना तिचे दिवस घालता येत नाहीत आणि वाटही सोडता येत नाही.

मराठी वाचकाला ही अवस्था परकी नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानलं नाही, आणि त्यांच्या आशेच्या जागी पुढे एक तोतया उभा राहिला. त्याच लढाईत अठरा वर्षांचे विश्वासराव पडले, त्या धक्क्याने जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आपण पती-पत्नीच्या प्रेमासाठी आणि आदर्श राज्यकर्त्यासाठी वाचत आलो. ती एकदा युद्धानंतरच्या घराची कादंबरी म्हणून वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या वाड्यातल्या रिकाम्या जागा पाहाव्यात. थोरला भाऊ असता तर ज्याच्यावर हा भार आलाच नसता, असा मुलगा सत्तेसाठी अधीर झालेल्या काकांशी, हुकमत गाजवणाऱ्या आईशी आणि रित्या खजिन्याशी झुंजतो. आळेगावला तो राज्य वाचवण्यासाठी काकांपुढे नमतं घेतो, तेव्हा त्याचं वय सतरा. आई गोपिकाबाई गंगापूरला निघून जातात. त्याची शिस्त, त्याचा संताप, स्वतःच्या देहाकडे केलेलं दुर्लक्ष यांत मला पोरवयात कर्ता झालेला मुलगा दिसतो. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने तो गेला.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा (१९३९) उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युरोपातून निघालेल्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू माणसं आणि त्यांच्यातली हॅर्टा. तिचं घर युद्धाची तोफ डागली जाण्याआधीच मोडलेलं आहे. एका मराठी लेखकाने हे त्याच वर्षी लिहून ठेवलं, याचा मला अभिमान वाटतो.

आणखी एक जागा आपल्या फार जवळ आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात पाठवलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथवर पोहोचली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, पंचगंगेच्या काठचा उन्हाळा-पावसाळा होता. सायबेरियात भावंडं गमावलेली मुलगी वळिवड्यात मोठी होते आणि युद्ध संपल्यावरही मायदेशी परतू शकत नाही. तिची कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी कुणी ती लिहायला घेतली, तर या खटाटोपाचं चीज झालं असं मी समजेन.

वाचनाच्या क्रमाबद्दल थोडं सांगतो, कारण तसं विचारलं जातं. सुरुवात नोसाकांपासून करावी, त्यांची कथा एका बैठकीत संपते. टॉल्स्टॉयची सगळी कादंबरी वाचायला सवड नसली, तर निदान पेत्या घरातून निघतो तिथपासून निकोलाय कर्ज फेडतो तिथपर्यंतचा भाग वाचावा. अदिची आणि रेमार्क महाविद्यालयीन वयापासून. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या हाती जूडिथ कर यांचं पुस्तक द्यावं, आणि ते वाचून झाल्यावर त्याचे प्रश्न टाळू नयेत. क्रिस्तोफ मात्र मोठ्यांनी वाचावी, आणि लागोपाठ दुसरं पुस्तक हाती घेऊ नये.